फादिपे मास्तर आणि नसलेला पूल

गोके फादिपे मास्तरांनी भ्रष्टाचारावर कादंबरी लिहिली, तेव्हा आमच्या इलारेमीत त्यांच्याइतका स्वच्छ माणूस दुसरा नव्हता. हे ते स्वतःच सांगत, आणि आम्हीही कुणी नाही म्हणत नव्हतो. उभी हयात त्यांनी सरकारी शाळेत इंग्रजी शिकवलं. ना जमीन, ना गाडी, ना कुणी मेहुणा कचेरीत. त्यांची बायको रोनके बाजारात धुरावलेले मासे विकायची. ती गिऱ्हाइकांसमोर खुशाल म्हणायची, "आमच्या ह्यांनी आयुष्यभर मोहाला दारात उभं केलं नाही. आता मोहानंही बिचाऱ्यानं कधी दार वाजवलं नाही, तो भाग वेगळा."

मी जिमो. बाजाराच्या तोंडाशी माझा छापखाना आहे. लग्नाच्या पत्रिका, मयताची पोस्टरं, चर्चच्या गाण्यांची पुस्तकं आणि निवडणूक आली की झाडून सगळ्या पक्षांची पत्रकं, एकाच यंत्रावर, एकाच शाईत. मास्तरांनी मला शाळेत शिकवलेलं. त्यामुळे ते बाड काखेत मारून आले तेव्हा मी आधी उभा राहिलो आणि मग विचारलं, "कशावर आहे, मास्तर?"

"देशावर."

"मग जाड असणारच."

"हसू नकोस. सगळ्यांची बिंगं फोडली आहेत मी ह्यात."

कादंबरीचं नाव होतं 'नसलेला पूल'. आमच्या गावाखालून ओयीन नदी वाहते. पलीकडे ओडोबा नावाची वस्ती आहे आणि मधे पूल नाही. पुलाचं उद्घाटन मात्र दोनदा झालेलं आहे, त्यातल्या एकाचे फोटो माझ्याच यंत्रावर छापले गेले. मास्तरांनी हेच सगळं उचललं होतं. त्यांच्या कादंबरीतला चीफ आकांबी पांढराशुभ्र पायघोळ आगबादा घालतो, हातात चांदीच्या मुठीची काठी धरतो आणि थाप मारण्याआधी एकदा खोकतो. आमच्या कौन्सिलचे अध्यक्ष चीफ तालाबी पांढराशुभ्र आगबादा घालतात, हातात चांदीच्या मुठीची काठी धरतात, आणि खोकतात.

"मास्तर," मी म्हटलं, "निदान काठीची मूठ तरी पितळेची करा."

"कला तडजोड करत नाही, जिमो."

मी छापली. प्रती माझ्या दुकानात भिंतीला लावून रचल्या आणि त्या तिथंच राहिल्या. आमच्याकडे पुस्तक विकलं जात नाही, त्याचं प्रकाशन होतं. सभागृह घ्यायचं, ढोलवाले बोलवायचे आणि कुणा मोठ्या माणसाला प्रमुख पाहुणा करायचं. त्यानं व्यासपीठावर उभं राहून आपण किती प्रती घेणार ते छाती फुगवून सांगायचं, की मग बाकीच्यांनाही लाजेकाजेस्तव घ्याव्या लागतात. आता इलारेमीत छाती फुगवण्याजोगा माणूस एकच.

"तालाबी?" मास्तर किंचाळले. "ज्याच्यावर लिहिलं त्यालाच?"

"ते पुस्तकं वाचत नाहीत, मास्तर. नुसती प्रकाशित करतात."

मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "लेखकानं सत्तेच्या डोळ्याला डोळा भिडवला पाहिजे." म्हणजे निमंत्रण छाप.

प्रकाशनाला तुफान गर्दी झाली. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई पुस्तकावर बोलायला उभ्या राहिल्या. बाई सरळमार्गी. त्यांना जो उतारा आवडला तो त्यांनी वाचला, आणि तो नेमका खोकल्याचा होता. सभागृहात कुणी हातातला पंखा हलवेना. मग चीफ तालाबी सावकाश उठले, आगबाद्याच्या बाह्या खांद्यावर टाकल्या, माईकसमोर आले आणि त्यांना खोकला आला.

आधी मागच्या बाकावर कुणीतरी फिस्स केलं. मग अख्खं सभागृह फुटलं. बायका एकमेकींच्या मांडीवर थापा मारायला लागल्या. मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला. आणि सगळ्यांत मोठ्यांदा हसत होते ते चीफ तालाबी.

"ओळखला!" ते काठी उंचावून ओरडले. "हा आकांबी मी ओळखला! हा नदीच्या खालच्या अंगाच्या कौन्सिलचा अध्यक्ष! हुबेहूब! मास्तर, तुम्ही त्याला नागडा केलात हो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चीफनी अर्ध्या प्रती स्वतः घेतल्या आणि बाकीच्या घेणं कौन्सिलच्या प्रत्येक माणसाचं कर्तव्य आहे असं जाहीर केलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, "असा निर्भीड माणूस घरी बसून चालणार नाही. आजपासून फादिपे मास्तर आमच्या कौन्सिलचे नीतिमूल्य सल्लागार!"

ढोलवाल्यांनी जागच्या जागी मास्तरांच्या नावाचं कवन रचून वाजवायला सुरुवात केली. मास्तरांचे बापजादे कोण होते, हे मास्तरांनाही त्याच दिवशी कळलं.

घरी गेल्यावर नवराबायकोत जे बोलणं झालं ते रोनकेनं दुसऱ्या दिवशी बाजाराला सांगितलं. मास्तर म्हणाले, मी विचार करतोय. तिनं विचारलं, "गाडी आहे?"

"आहे."

"जनरेटरला डिझेल?"

"तेही देतील म्हणे."

"मग विचार कसला करताय, यिंकाचे बाबा?" आणि जरा थांबून, "नाही, करा थोडा. तुमच्या चेहऱ्याला विचार शोभून दिसतो."

मास्तर मला म्हणाले, "जिमो, बाहेरून बोंबलून काही होत नाही. आत शिरूनच बदल घडवावा लागतो." मी मान डोलावली. त्यांच्या कादंबरीत लासिसी नावाचा एक साधा शाळामास्तर आहे, तो चीफ आकांबीच्या पदरी राहतो आणि हळूहळू त्याचा हुजऱ्या होतो. तोही चौथ्या प्रकरणात असंच काहीसं बोलतो. पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. प्रुफं तपासताना माणूस स्पेलिंग बघतो, अर्थ नाही.

तर मास्तर आत शिरले. आत एक खोली होती, थंड हवेचं यंत्र होतं, टेबल होतं, आणि काम नव्हतं. गाडी होती आणि सिकिरू नावाचा ड्रायव्हर होता. पहिले काही दिवस मास्तर स्वतःच गाडीचं दार उघडायचे आणि सिकिरूला अपराधी वाटायचं. मग ते दार उघडायची वाट बघायला लागले. मग सिकिरूला उशीर झाला की घसा खाकरायला लागले. पेट्रोलपंपावर भली मोठी रांग असायची तेव्हा सिकिरू हॉर्न वाजवत पुढं घुसायचा. मास्तर मागच्या सीटवर वर्तमानपत्र इतकं उंच धरायचे, की लोकांना फक्त बातम्या दिसाव्यात. रोनकेच्या माशांच्या टोपल्या सरकारी गाडीतून बाजारात यायला लागल्या. गाडीला असा वास सुटला, की एकदा चीफना तिच्यातून जावं लागलं तेव्हा ते म्हणाले, "नीतिमूल्यांना इतका वास येतो हे ठाऊक नव्हतं."

लोकही यायला लागले. कुणाला बाजारात गाळा हवा, कुणाच्या भाच्याला नोकरी. मास्तर म्हणायचे, "हे माझ्या हातात नाही बरं का." लोक म्हणायचे, "छे, छे, आम्ही नुसते भेटायला आलो," आणि जाताना यामच्या कंदांची जुडी ठेवून जायचे. कोंबडा यायचा. एकदा बोकड आला. मास्तरांनी बोकड परत पाठवायला सांगितला आणि रोनकेनं विचारलं, "आत्ता? उन्हात?" संध्याकाळपर्यंत तो अंगणातल्या रोपांवर असा काही ताव मारून बसला, की तो आधीपासूनच घरचा असावा. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. रस्सा झकास झाला होता.

"मास्तर, हा बोकड..." मी सुरुवात केली.

"गुपचूप जेव, जिमो."

आता मजा अशी, की एवढे दिवस रोनकेनं ती कादंबरी वाचलेली नव्हती. ती म्हणायची, मी ती रात्रंदिवस टाइप होताना ऐकलीये, पुरे झालं. पण आता दुकानात मदतीला बाई ठेवली होती, घरी पंखा फिरत होता, दुपारी पाय पसरून बसायला वेळ होता. तिनं एका दुपारी पुस्तक हातात घेतलं आणि ते संपवूनच खाली ठेवलं. मास्तर घरी आले तेव्हा ती डोळे पुसत होती. रडून नाही, हसून.

"यिंकाचे बाबा, हा लासिसी म्हणजे तुम्ही ना?"

"काय बोलतेस! मी हे लिहिलं तेव्हा ही नोकरी होती कुठं?"

"तेच म्हणते. गाडी, रांग, कोंबडे, सगळं ओळीनं लिहिलंय. म्हणजे रस्ता तुम्हाला आधीपासूनच ठाऊक होता."

मास्तर त्या दिवशी न जेवता झोपले. म्हणजे रोनके तसं म्हणते. मला वाटतं, थोडं जेवले असतील.

आणि मग तिसरं उद्घाटन आलं.

निवडणूक तोंडावर होती. चीफनी ओयीनच्या पुलाचं पुन्हा एकदा उद्घाटन काढलं. नदीकाठी मांडव घातला. दोन बांबू रोवून त्यांना लाल फीत बांधली. फितीच्या पलीकडे नदी होती, अगदी पूर्वीसारखी. मुख्य भाषण नीतिमूल्य सल्लागारांचं ठेवलं होतं, आणि कादंबरीची दुसरी आवृत्ती कौन्सिलच्या खर्चानं निघणार होती. फक्त शेवट बदलायचा होता. "शेवटी पूल होऊ द्या, मास्तर," चीफ प्रेमानं म्हणाले होते. "वाचकाला आशा लागते." मास्तरांनी शेवट बदलून माझ्याकडे आणूनही दिला होता. मी यंत्र नादुरुस्त आहे म्हणालो.

मास्तर भाषणाला उभे राहिले. अंगावर नवाकोरा निळा आगबादा, रुंद बाह्यांचा. "बंधुभगिनींनो, आज आपण ह्या पुलावर..." असं ते म्हणाले, आणि तेवढ्यात ओडोबाच्या बायांची बाजाराची ये-जा सुरू झाली. पलीकडून येणाऱ्या आणि इकडून परतणाऱ्या. त्यांना काय ठाऊक समारंभ आहे ते. डोक्यावर कसावाच्या कंदांच्या पाट्या, कापडं गुडघ्यांवर खोचलेली. एक धिप्पाड बाई मांडवाच्या कडेनं चालली होती, तिनं मास्तरांना ओळखलं. ती पाटीसकट तिथंच गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "मास्तर, बरे आहात ना? रिसीला तुम्ही शिकवलंत, मी तिची आई. तिथं उभे राहू नका, तिथली माती खचते." मग उठली, लाल फितीखालून वाकून गेली आणि पाण्यात शिरली.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. चीफ हळूच म्हणाले, "पुढं, मास्तर, पुढं."

मास्तर पुढं गेले. म्हणजे खरोखरच पुढं गेले. त्यांनी भाषणाचा कागद घडी करून माईकवाल्याच्या हातात दिला, पायातले बूट काढून शेजारी शेजारी नीट ठेवले, फितीखालून वाकले आणि त्या बायकांमागून नदीत उतरले.

मला अजून कळत नाही, त्यांनी त्या क्षणी काय ठरवलं होतं. विचारलं तर म्हणतात, "माझं मलाही नाही ठाऊक. गाडीकडे परत जाववेना, एवढंच." पाणी गुडघ्याला लागलं तोवर त्यांचा चेहरा एखाद्या हुतात्म्यासारखा होता. कमरेला लागलं तसा आगबाद्यात वारा शिरला, आणि तो पाण्यावर छत्रीसारखा फुगून गोल गोल फिरायला लागला. मधे मास्तरांचं नुसतं डोकं आणि दोन हात. पाय गाळात रुतले होते. "बायांनो!" एवढंच ओरडले. रिसीच्या आईनं डोक्यावरची पाटी न सांडता मागं वळून त्यांची बगल धरली, दुसरीनं दुसरी धरली, आणि दोघींनी त्यांना ओढत पलीकडे नेलं. काठावर हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं. ढोलवाल्यांनी तेवढ्यात त्याचंही कवन केलं.

चीफ तालाबी मात्र जागचे हलले नाहीत. हसं ओसरू दिलं आणि मग माईक हातात घेतला. "पाहिलंत?" ते गंभीर आवाजात म्हणाले. "आमच्या सल्लागारांनी जिवावर उदार होऊन नदी किती खोल आहे ते दाखवून दिलं. पहिल्या अंदाजापेक्षा कितीतरी खोल! म्हणजे पूल मोठा लागणार. पुलाची तरतूद दुप्पट करावी लागेल, इलाज नाही." पुन्हा टाळ्या. माणूस मोठा, ह्यात शंका नाही.

पलीकडे काय झालं ते मास्तरांकडूनच ऐकलेलं. त्यांना रिसीच्या आईच्या ओट्यावर बसवलं, कोरडं कापड दिलं. तिचंच, पिवळ्या फुलांचं. कसावाच्या रव्याची गारी आणि भाजलेला मासा पुढं ठेवला. आणि खाता खाता मास्तरांना कळलं, की आपण ओडोबात आयुष्यात पहिल्यांदा आलोय. पुलावर साडेतीनशे पानं लिहिली, पण पलीकडे काय आहे ते बघायला कधी यावंसं वाटलं नव्हतं.

"रिसीनं वाचून दाखवलं तुमचं पुस्तक," रिसीची आई म्हणाली.

"कसं वाटलं?" लेखक तो लेखक. ओल्या अंगानंही विचारणारच.

"छान आहे. चीफ अगदी तसाच उतरलाय. पण त्यात आम्ही सगळ्या काठावर बसून रडतोय."

"हां, ते दुःख दाखवायला..."

"आम्ही रडतो कधी, मास्तर? वेळ कुणाला आहे?"

दुसरी म्हणाली, "माझा धाकटा नदीच्या मधोमध जन्मला, तेव्हाही मी शिव्याच घातल्या. रडली ती सुईण."

"तो भाग नाही तुमच्या पुस्तकात," तिसरी म्हणाली. "तुमच्या पुस्तकात निम्मी पानं चीफचा आगबादाच आहे. तुम्हाला आवडतो वाटतं?"

हे सांगून मास्तर मला म्हणाले, "जिमो, आवडत होता रे. मी तो निळा शिवायला टाकला तेव्हा शिंप्याला सांगितलं होतं, बाह्या तालाबींएवढ्या ठेव."

दुसऱ्या दिवशी ते कौन्सिलमध्ये राजीनामा द्यायला गेले. परत जायचं म्हणून मोटारसायकलवाल्याला बाहेर थांबवून ठेवलं होतं. त्यांना वाटलं होतं, चीफ खवळतील, एक जोरदार प्रसंग होईल. चीफनी शेंगदाण्यांची बशी पुढं केली.

"रागावलो नाही मी, मास्तर. तुम्ही माझ्यावर कादंबरी लिहिलीत, मी कसा रागावेन?"

"तुमच्यावर? तुम्ही तर म्हणालात, खालच्या अंगाचा अध्यक्ष..."

"त्या भिकारड्यावर कोण कादंबरी लिहील!" चीफना खरोखरच लागलं होतं. "पहिल्याच पानावर ओळखलं मी मला. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, काठीचं वर्णन थोडं कमी पडलंय."

"म्हणजे तुम्ही... वाचली?"

"तुम्हाला काय वाटलं, मी न वाचता माणसं विकत घेतो?"

मास्तर म्हणतात, एवढं चांगलं परीक्षण त्यांना आयुष्यात मिळालं नाही. ते शेंगदाणे तसेच ठेवून उठले. दारापर्यंत गेल्यावर चीफनी विचारलं, "मग दुसरी आवृत्ती?" मास्तर म्हणाले, "छापखाना नादुरुस्त आहे." मास्तरांना माझी थाप कळली होती म्हणजे.

गाडी गेली, डिझेल गेलं, पंखा थांबला. रोनकेनं दुकानातल्या बाईला काढलं आणि स्वतः पुन्हा माशांना बसली. एक-दोन आठवडे ती मास्तरांना घालून पाडून बोलत होती, नाही असं नाही. पण गिऱ्हाईक विचारायचं, "सल्लागारबाई, आज गाडी नाही?" तर ती फणकाऱ्यानं म्हणायची, "आमचे हे पोहत जातात."

निवडणूक चीफनीच जिंकली. पूल अर्थातच झाला नाही. मास्तर मात्र दर बाजाराच्या दिवशी बायकांसोबत नदी उतरून ओडोबाला जायला लागले, आखूड विजार घालून, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. बायका त्यांना मधे घेऊन चालतात. दुसरी कादंबरी लिहितायत. मी मागच्या बाजाराला पहिल्या प्रकरणाची प्रुफं घेऊन पलीकडे गेलो, तर मास्तर रिसीच्या आईच्या ओट्यावर खरबुजाच्या बिया सोलत बसले होते आणि दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं.

"मला त्यात जरा बारीक दाखवा म्हटलं तर नाही म्हणतायत," ती मला म्हणाली. "आणि नवरा एकच दिलाय."

"तुला एकच होता!" मास्तर म्हणाले.

"मग कादंबरी कशाला म्हणायचं त्याला?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रुफं पुढं केली. त्यांनी बियांचे हात विजारीला पुसले, पेन काढलं, आणि समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. रिसीची आई मान वाकडी करून बघत होती. तिला वाचता येत नाही, म्हणून तिनं मला विचारलं, "काय लिहिलं?"

"बारीक नाही केलं," मी म्हटलं. "पण नवरे दोन झाले."

"बघ, शहाणपण यायला लागलंय," ती म्हणाली, आणि उरलेल्या बियांची सुपली तिनं मास्तरांच्या मांडीवर ठेवली.